दारावरच्या दोन याद्या

"पाठवलं म्हणजे पोचलं, असं कधी धरून चालू नकोस. पहिलं पत्र पोचल्याची खूण हाती येईपर्यंत चहाला हात लावायचा नाही. आणि हे बघ, दारावर यादी एकच ठेवायची. दुसरी लावायला कुणी आला, तर त्याचा हात धर."

आत्याने हे सांगितलं ते नोकरीच्या शेवटच्या दिवशी, टेबलाचे खण रिकामे करता करता. एका हातात सुतळीचं रीळ, दुसऱ्यात चष्म्याची तीन घरं, आणि तोंडाने भाचीला उपदेश. पुढे आत्या गेली, पण आवाज काही गेला नाही. रोज सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला की तो भाचीच्या कानाशी हजर.

भाचीला आता सगळे टपालबाई म्हणत. संस्था अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि मागे एक कोंदट कपाटाएवढी वाचनाची खोली, जिच्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. टपालबाई दुपारी त्या रजयांत बसून पुस्तक वाचायची आणि सकाळी आदल्या दिवशीचं प्रकरण ईमेलने पाठवायची. एकशे बेचाळीस श्रोते होते. ईमेल आली की त्यांच्या घरचं मशीन पाठवणाऱ्याचं नाव उच्चारायचं आणि प्रकरण ऐकवायला लागायचं.

पहिलं पत्र स्वतःच्या घरच्या पत्त्यावर पाठवायचं, ते पोचलेलं बघायचं, मग बाकीची सोडायची आणि मग चहा घ्यायचा, असा तिचा नेम होता. आत्याने घालून दिलेला, तिने कधी न मोडलेला. तापातही नाही.

आज बुधवार होता, आणि टपालबाईने चहा घेतल्याला नऊ दिवस झाले होते.

झालं होतं ते असं. संस्थेचा इंटरनेटवर स्वतःचा पत्ता होता, म्हणजे डोमेन. ते एका होस्टिंग कंपनीच्या खात्यावर ठेवलेलं. त्या खात्यात एक यादी लावावी लागते: आमच्या नावाने आलेलं पत्र कोणकोणत्या यंत्रांकडून आलं तर खरं मानावं. एसपीएफ म्हणतात तिला. आत्या मात्र तिला दारावरची यादी म्हणायची. पत्र कुणाच्याही दारी गेलं, की तिथला पहारेकरी आधी ही यादी बघून घेतो. यादीत नाव असेल तर पत्र आत. यादी एक असेल तर ही सोय. दोन असल्या, तर तो दोन्ही बाजूला ठेवतो आणि म्हणतो, या घरच्यांचंच आपसात ठरलेलं दिसत नाही.

या घरच्यांचं आपसात ठरलेलं नव्हतंच.

संस्थेचे अध्यक्ष आणि चिटणीस हे एकमेकांचे साडू. अध्यक्षांच्या घरी थोरली बहीण, चिटणिसांच्या घरी धाकटी. बहिणींचं मेतकूट असं, की दिवसातून तीनदा फोन झाल्याशिवाय एकीच्याही घरचा कुकर चढत नसे. साडूंचं मात्र दोन वर्षांपासून बोलणं बंद. कारण वाचनाच्या खोलीच्या दारावरची पितळी पाटी. तिच्यावर अध्यक्षांचं नाव चिटणिसांच्या नावापेक्षा अर्धा बोट मोठं आलं होतं. चिटणिसांनी पट्टी आणून मोजलं. अध्यक्ष म्हणाले, कारागिराची चूक. चिटणीस म्हणाले, कारागिराला कागद कुणी दिला? तेव्हापासून दोघांचा संवाद टपालबाईमार्फत चाले, अगदी एका टेबलाशी समोरासमोर बसलेले असले तरी.

विश्वास तर इतका, की होस्टिंग खात्याच्या पासवर्डची पहिली आठ अक्षरं अध्यक्षांकडे आणि उरलेली आठ चिटणिसांकडे. खातं उघडायचं तर दोघांनी यायचं. एक टाइप करत असताना दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. तसा ठरावच होता, अनुमोदनासकट.

तर मागच्या महिन्यात कुणा भामट्याने अध्यक्षांच्या नावाने सगळ्या श्रोत्यांना पत्र धाडलं: केस उगवण्याचं तेल, मी स्वतः वापरतो. अध्यक्षांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं एकही केस नव्हता. श्रोत्यांना ते दिसत नसल्यामुळे अकरा जणांनी तेल मागवलं. पुढच्याच बैठकीत अध्यक्ष पेटले. "आपल्या नावाचं जे पत्र तपासणीत उतरणार नाही, ते सरळ परत पाठवा!" तसा एक हुकूम खात्यात लावता येतो, डीमार्क नावाचा. मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन तऱ्हा असतात. अध्यक्षांनी मऊ आणि मध्यम वाचूही दिल्या नाहीत.

त्याच बैठकीत दुसरा विषय निघाला. अध्यक्षांना दरमहा 'मनोगत' धाडायचं होतं, रंगीत, फोटोसकट. त्यासाठी वेगळ्या कंपनीची सेवा घेतली होती. तिचं नाव यादीत घालायला हवं होतं.

"एकाच ओळीत दोन्ही बसतात," टपालबाई म्हणाली होती. "प्रकरणं पाठवणारं आपलं नेहमीचं यंत्र, आणि शेजारी साहेबांचं मनोगतवालं."

"शेजारी म्हणजे कुठे?" अध्यक्षांनी विचारलं. "आधी की नंतर?"

"टपालबाई, अध्यक्षांना सांगा," चिटणीस म्हणाले, "प्रकरणं ही संस्थेचं काम आहे. मनोगत ही हौस आहे. काम आधी येतं."

"चिटणिसांना सांगा, पद आधी येतं."

"साहेब, यंत्राला आधी-नंतरचं काही नसतं हो. एकदा यादीत आलं की झालं."

"यंत्राला नसेल," दोघं एकदम म्हणाले. दोन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं एकमत.

शेवटी चिटणिसांनीच तोड काढली. दोन ओळी. स्वतंत्र. अध्यक्षांची एक यादी, चिटणिसांची एक यादी, दोन्ही सारख्या आकाराच्या. तेव्हाच टपालबाईने हात धरायला हवा होता. आत्याने धरला असता, मनगट पिरगळलंही असतं. टपालबाईने "पण..." म्हटलं. ती ते इतक्या हळू म्हणाली, की कार्यवृत्तात आलंच नाही.

तिसरी एक गोष्ट राहिली होती, शिक्का. प्रत्येक पत्रावर आपोआप उमटणारी खूण, की हे आमचंच आणि वाटेत कुणी फोडलेलं नाही. तो नीट चालू असता, तर यादीत घोळ असूनही पत्रं गेली असती. पण शिक्का तयार करताना त्याला एक नाव द्यावं लागतं. कुठलंही चालतं, 'एक' चाललं असतं, 'टोपली' चाललं असतं. अध्यक्षांनी स्वतःचं सुचवलं, चिटणिसांनी स्वतःचं. विषय उपसमितीकडे गेला. उपसमितीत सभासद दोन: अध्यक्ष आणि चिटणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पत्र परत आलं. मग अध्यक्षांनी हट्टाने सोडायला लावलेली बाकीचीही.

पत्रांचं काय झालं त्याचा अहवाल रोज आपोआप येई. एकशे बेचाळीस पाठवली, एकशे बेचाळीस नाकारली. चिटणीस तो छापून फाइलला लावत आणि फाइलच्या जाडीकडे समाधानाने बघत.

"आपल्याकडे इतकी कडक सुरक्षा कधीच नव्हती," ते म्हणाले.

अध्यक्षांनाही अहवाल आवडला. "बघा टपालबाई! इतक्या दिवसांत एकही बनावट पत्र आत शिरलेलं नाही."

"खरंही शिरलेलं नाही, साहेब."

"तो तपशील झाला."

तिने होस्टिंग कंपनीला फोन केला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. आवाजात साखर, माहितीचा खडखडाट. "मॅम, आमच्या बाजूने तुमची यादी हिरवी दिसतेय."

"दोन याद्या आहेत ना पण?"

"हो मॅम. दोन्ही हिरव्या आहेत. अजून काही मदत करू शकते?"

तिने अध्यक्षांना विचारलं, की तोवर माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवू का? अध्यक्षांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "संस्थेचं पुस्तक, आणि कुठल्यातरी खासगी पत्त्यावरून? मग तेलवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

यात काही खोट काढता येईना. तिला चहाची आठवण आली. कपाळ ठणकायला लागलं.

आणि सोमवारी खुर्चीवाले आजोबांचा फोन आला.

खुर्चीवाले आजोबा म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणारे. हात अजून चालू, डोळे तीस वर्षांपूर्वी गेलेले. सध्या ते एका दीपगृहातल्या घड्याळजीची कादंबरी ऐकत होते, एकतीस प्रकरणांची. तेविसाव्या प्रकरणाच्या शेवटी घड्याळजीची बहीण बंद पाकीट हातात घेऊन जिन्यावर उभी राहते, आणि तिथेच टपालबाईच्या आवाजात 'तेविसावे प्रकरण समाप्त' येतं.

टपालबाईने "नमस्कार, मी" एवढंच म्हटलं.

"टपालबाई!" आजोबा म्हणाले. "अहो, त्या बाईला जिन्यावर उभं करून आठवडा झाला. पाय दुखले असतील तिचे."

"आजोबा, इथे जरा यादीचा घोळ..."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं ऐका. गुरुवारी सकाळी छाती उघडणार आहेत माझी. बुधवारी रात्री आठला भरती. डॉक्टर म्हणतो, मन मोकळं ठेवा. मोकळं कुठून ठेवू? ते जिन्यावर अडकलंय! त्या पाकिटात काय आहे ते कळल्याशिवाय मी झोपेचं इंजेक्शन घेणार नाही, असं सांगितलंय सूनबाईला."

मागून सूनबाईचा आवाज आला, "खरंच सांगितलंय हो. सही करायला तयार नाहीत. हट्ट म्हणजे हट्ट. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून गोष्ट विचारून घेऊ या, तर अंगावर आले."

"गोष्ट कळायला काय, तूही सांगशील काहीतरी," आजोबा म्हणाले. "मला ऐकायचीय. टपालबाई, जमेल की नाही? नाही तर नाही म्हणा, मी तसा तयार होतो."

तयार होतो. हे ते सहज म्हणाले, खुर्चीला पुढचा वेढा घ्यावा तसे.

"बुधवारी रात्री आठच्या आत शेवटचं प्रकरण तुमच्यापर्यंत पोचेल," ती म्हणाली. "शब्द देते."

पाठवीन म्हणाली नव्हती. पोचेल म्हणाली होती. फोन ठेवल्यावर तिला ते जाणवलं.

तिने लगेच थोरलीला फोन लावला, म्हणजे अध्यक्षांच्या बायकोला. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बुधवारी बारा वाजता दोघं येतील. कसे येतील ते आम्हा बहिणींवर सोड."

आणि बुधवारी बाराला दोघं आले. भिजलेल्या मांजरांसारखे. कुणाच्या घरी काय झालं ते विचारण्याची सोय नव्हती, पण चिटणिसांच्या डब्यात आज नुसती काकडी होती, आणि अध्यक्षांनी डबाच आणला नव्हता.

"टपालबाई, चिटणिसांना सांगा, कॅलेंडरकडे बघा."

चिटणीस कॅलेंडरकडे वळले. अध्यक्षांनी एका बोटाने आठ अक्षरं ठोकली. मग चिटणिसांनी ठोकली, आणि अध्यक्ष कॅलेंडरवरच्या धबधब्याकडे बघत राहिले. पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्या वेळी अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, "त्या याद्यांच्या बैठकीनंतर मी माझी अक्षरं बदलली होती बहुतेक." जुनीच निघाली, बदलायचं नुसतं ठरवलं होतं, रागाच्या भरात. चौथ्या वेळी खातं उघडलं.

पडद्यावर दोन ओळी एकीखाली एक दिसत होत्या. टपालबाईने पेन्सिलच्या टोकाने दाखवलं.

"ही एक आणि ही एक. दोन आहेत म्हणून जगातला एकही पहारेकरी आपल्याला ओळखत नाहीये. यातली एक काढायची, आणि तिच्यातलं नाव दुसरीत घालायचं. एका मिनिटाचं काम. मात्र बदल सगळीकडे कळायला काही तास जातात, म्हणून आत्ताच करू या. आजोबांचं रात्री आठच्या आत..."

"काढायची कुठली?" चिटणिसांनी विचारलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं.

"कुठलीही," टपालबाई म्हणाली. "दोन्ही काढून नवी लिहिली तरी चालेल."

"म्हणजे माझी काढायची," अध्यक्ष म्हणाले.

"आणि माझीसुद्धा," चिटणीस म्हणाले, थेट अध्यक्षांकडे बघून. भानच राहिलं नाही त्यांना.

"नाही, म्हणजे तुमचीच का काढावी?" अध्यक्षही थेट म्हणाले. "तुमच्या यादीत चूक काय आहे?"

"तुमच्या तरी काय आहे?"

"तसं बघायला गेलं, तर दोन्ही याद्या उत्तम आहेत."

"उत्तम आहेत!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अडचण एवढीच," चिटणीस हळूहळू, शब्द जुळवत म्हणाले, "की त्या पहारेकऱ्याला कळत नाही, या दोन्ही एकाच संस्थेच्या आहेत. मग आपण तिसरी ओळ घालू. 'वरील दोन्ही याद्या एकत्र वाचाव्यात.'"

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "साडूभाऊ, वा! हे मला सुचायला हवं होतं."

"अहो, पण साहेब..." टपालबाई म्हणाली.

"टपालबाई, लिहून घ्या. ठराव क्रमांक काय येतो? सूचक चिटणीस, अनुमोदक मी."

"नाही नाही. सूचक तुम्ही."

"अहो, छे. कल्पना तुमची."

"पद तुमचं!"

तिने लिहून घेतलं. तिसरी ओळ चिटणिसांनी स्वतः टाइप केली. अध्यक्षांनी त्यात 'कृपया' घातलं. नव्या ओळीसमोर हिरवी खूण उमटली. ते बघून अध्यक्षांना भरून आलं. त्यांनी चिटणिसांच्या खांद्यावर हात ठेवला. चिटणीस म्हणाले, "पाटीचं सोडून द्या आता." अध्यक्ष म्हणाले, "नवी करू. तुमचं नाव वर." दोघं हातात हात घालून चहाला निघाले. दारातून चिटणीस वळून म्हणाले, "टपालबाई, तुम्हीही चला! आजचा दिवस तुमच्यामुळे."

"माझं अजून पत्र पोचायचंय," ती म्हणाली.

"पोचेल हो!"

ते गेले. खातं उघडंच होतं. तीन ओळी, तिन्ही हिरव्या.

तिने माउसवर हात ठेवला. दोन ओळी पुसायच्या, एकीत एक नाव जोडायचं. कुणाला कळलंही नसतं; कळलं असतं ते फक्त जगातल्या सगळ्या पहारेकऱ्यांना. पण कामावर रुजू होताना तिने वहीत लिहून दिलं होतं, की दोन्ही पदाधिकारी समोर असल्याशिवाय या खात्यात मी काही बदलणार नाही. तेही वचनच होतं. आता एका वचनाला दुसरं आडवं आलं होतं. ती मनात देवाला म्हणाली, तूच सांग, यातलं धाकटं कुठलं? देवाने लगेच काही सांगितलं नाही. ती हात माउसवर ठेवून वाट बघत राहिली. चांगल्या माणसांना परवानगीची वाट बघायची सवय असते, आणि वाट बघताना आपण काहीतरी करतोय असंही वाटत राहतं.

पडदा पांढरा झाला. मध्यभागी अक्षरं आली: 'बराच वेळ काही हालचाल न झाल्यामुळे आपल्याला खात्यातून बाहेर काढण्यात आले आहे.'

टपालबाईने ते दोनदा वाचलं. मग ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

घड्याळात दोन वाजत होते. आठ प्रकरणं. रजयांच्या खोलीत एका प्रकरणाला तिला पंचवीस मिनिटं लागायची. थांबत, पाणी पीत साडेतीन तास. आजोबांचं घर बसने चार थांबे.

तिने कपाट उघडलं. घड्याळजीच्या कादंबरीची ही संस्थेतली एकच प्रत, आणि मूळ प्रत बाहेर न्यायची नाही, असा नियम होता. न्यायचीच झाली, तर वहीत नोंद करायची आणि परवानगीच्या रकान्यात दोन सह्या घ्यायच्या. एक अध्यक्षांची, एक चिटणिसांची. टपालबाईने वही उघडली. पुस्तकाचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं: पोचवण्यासाठी.

परवानगीच्या रकान्याशी पेन थांबलं. आत्याने वहीच्या याच रकान्यात किती वेळा काय लिहिलंय, ते बघायला तिने पानं मागे उलटली. आत्याच्या सगळ्या वर्षांत एकही पुस्तक बाहेर गेलेलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. आत्या वेळेवर हात धरायची.

तिने रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. अक्षर ना मोठं ना लहान, आणि दोन सह्यांच्या जागेत एकच.

पुस्तक कापडी पिशवीत घातलं, सोबत चष्मा, पाण्याची बाटली आणि घशासाठी खडीसाखर. कॉम्प्युटर बंद केला. दिवा घालवला. दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या शिंप्याकडे दिली. "कुणी विचारलं तर सांगा, टपाल घेऊन गेली."

खालच्या हॉटेलात दोन्ही साडू काचेआड बसले होते. अध्यक्ष टेबलावर बोटाने नव्या पाटीचा आकार काढून दाखवत होते आणि चिटणीस मान डोलावत होते. मध्ये दोन कप वाफाळत होते. वास थेट दारापर्यंत आला. टपालबाईची पावलं जरा मंदावली, पण थांबली नाहीत.

थांब्यावर पोचल्यावर तिने पिशवीत हात घालून पुस्तकातला खुणेचा दोरा जागेवर आहे ना ते चाचपून पाहिलं. मग घसा साफ केला आणि आवाज लागतोय का ते बघायला अगदी हलकेच म्हणाली, "प्रकरण चोविसावे."

समोरून बस येत होती. तिने हात दाखवला.